ॲम्प्लिफायरचे सुटे भाग आणि आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांचे आणि जुने सेट दुरुस्त करणाऱ्यांचे प्रश्न माझ्याकडे कायम येत असतात. त्यातले बरेच तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं घरच्या ऐकण्यापुरती आहेत: एक खोली, दोन स्पीकर. मांडवातल्या साउंडची गणितं वेगळी. एक आग्रह मात्र सगळीकडे दिसेल. भाग कोणत्या कंपनीचा हे विचारण्याआधी तो सर्किटमध्ये कुठे बसलाय आणि त्याची व्हॅल्यू किती, हे बघा.

१. पार्ट बदलला की आवाज बदलतो, हे खरं की मनाचे खेळ?

दोन्ही घडतं, आणि कधी काय हे ओळखता येतं. ॲम्प्लिफायर आवाजात चार प्रकारे ढवळाढवळ करतो. बेस किंवा ट्रेबल कमी-जास्त करतो, स्वतःची घूं किंवा सळसळ मिसळतो, मुळात नसलेले स्वर तयार करतो (हेच डिस्टॉर्शन), किंवा स्पीकरवरची पकड सैल सोडतो. बदललेल्या भागाने यातली एखादी गोष्ट पुरेशी हलली, तर कान ती पकडतात. हललीच नाही, तर पाचशे रुपयांचा कंडेन्सर लावूनही आवाज तोच राहतो. उलट, दोन रुपयांचा सिरॅमिक चुकीच्या जागी बसला तर चांगला ॲम्प बिघडल्यासारखा वाजतो.

ॲम्प धड असेल तर सर्वात मोठा फरक स्पीकर आणि खोली पाडतात. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढून बघा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या.

२. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या बोर्डावर २०० वॉट लिहिलंय. खरे किती मिळतात?

साध्या आउटपुटला ८ ओहमवर जेमतेम सव्वादोन वॉट. १२ व्होल्टमध्ये लाट मधल्या रेषेपासून ६ व्होल्ट वर आणि ६ खाली जाऊ शकते. ६ चा वर्ग ३६, त्याला २ ने आणि मग ८ ने भागा. ४ ओहमचा स्पीकर असेल तर साडेचार. ब्रिज जोडणी (स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्पच उलटसुलट चालवतो) असेल तर चौपट, म्हणजे ८ ओहमवर ९ वॉट. यात आयसीमधली घट धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर जे हजारोंचे ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल वॉटचे) आकडे असायचे, त्यांच्याही मागे कसलंच गणित नव्हतं.

पण ९ वॉट घरात पुष्कळ होतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, त्यामुळे ९ चे १८ केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा.

३. नवीन बोर्ड जोडला, सगळं वाजतंय, पण बेसच नाही. आयसी खराब आहे का?

बहुतेक वेळा आयसी निर्दोष असतो आणि इनपुटचा कंडेन्सर लहान असतो. माझ्याकडे सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

सिग्नल ज्या कंडेन्सरमधून आत येतो, तो पुढच्या रेझिस्टन्सबरोबर मिळून चाळणी तयार करतो. ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज ती अडवते. हिशेब सोपा आहे: १५९ ला (किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड) या गुणाकाराने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि पुढे ४७ किलोओहम असेल, तर उत्तर ३४ हर्ट्झ. चालून जाईल. तोच कंडेन्सर १० किलोओहमच्या पुढे लावला तर १५९ हर्ट्झ! म्हणजे तबल्याच्या डग्ग्याची घुमक बाहेरच राहिली, आत आली फक्त चाट.

माझ्या पहिल्या टीडीए २०३० या ॲम्प आयसीच्या बोर्डावर नेमकं हेच झालं होतं. मी दुकानात १ मायक्रोफॅरड मागितला आणि पाकिटात आला ०.१. दोन्ही दिसायला तेच, तपकिरी चपटे पॉलिएस्टर. अंगावरचा कोड तेवढा वेगळा: ०.१ वर १०४ आणि १ वर १०५. मी दोन संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर बदलत बसलो, स्पीकरच्या खोक्याला दोष दिला, आणि तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन तो कोड वाचला. १०५ बसवला आणि खोलीत डग्गा आला. किंमत काही रुपये. तेव्हापासून कुठलाही कंडेन्सर बसवण्याआधी मी कोड मोठ्याने वाचतो.

आउटपुटला कंडेन्सर असलेल्या जुन्या सिंगल सप्लाय ॲम्पमध्येही हीच चाळणी असते. १००० मायक्रोफॅरड आणि ८ ओहम म्हणजे २० हर्ट्झ, उत्तम. त्याच सेटला ४ ओहमचे स्पीकर लावलेत तर सीमा ४० हर्ट्झवर जाते. तिथे २२०० बसवा.

४. आवाज बंद असतानाही घूं येते. कुठला भाग बदलू?

आधी घूं कुठली ते ओळखा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ५० हर्ट्झची घूं खोल आणि गोलसर असते. तारांतून, अर्थिंगच्या फेऱ्यातून किंवा ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या शेजारी असल्याने ती येते. १०० हर्ट्झची म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात, आणि तिला थोडी करकर असते. ती पॉवर सप्लायमधून येते, कारण ब्रिज रेक्टिफायर लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो.

मग व्हॉल्यूम शून्यावर न्या. घूं गेली तर ती व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात आहे. राहिली तर नंतरच्या. सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर मागची केबलची तार काढून बघा. त्याने घूं थांबली, तर ॲम्पमध्ये काही बदलायचं नाही. केबलचा ग्राउंड आणि घरचं अर्थिंग यांचा फेरा झालाय.

मात्र घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीच कापू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं तर पत्र्याच्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात आणि तुमच्या आणि त्यांच्यामध्ये तीच एक तार असते.

घरी बांधलेल्या सेटमध्ये एक चूक मला वारंवार दिसते. इनपुटची ग्राउंड तार सोयीसाठी स्पीकरच्या काळ्या टर्मिनलवर किंवा ब्रिजजवळ जोडलेली असते. फिल्टर कंडेन्सर (सप्लायमधला मोठा) चार्ज होताना त्या तारेतून करंटचे मोठे ठोके जातात आणि इनपुटला ते सिग्नलसारखे दिसतात. सगळ्या ग्राउंड तारा फिल्टर कंडेन्सरनंतर एकाच जागी आणा, प्रत्येकीची वाट वेगळी ठेवून. एकही पार्ट न बदलता फरक पडतो.

५. फिल्टर कंडेन्सर जितका मोठा, तितका बेस जास्त, असं दुकानदार म्हणतो. बरोबर?

एका मर्यादेपर्यंत. ब्रिजच्या दोन ठोक्यांमध्ये १० मिलिसेकंद असतात आणि त्या वेळात ॲम्प कंडेन्सरमधून करंट ओढतो. २ अँपिअर ओढले तर ४७०० मायक्रोफॅरडवर व्होल्टेज सव्वाचार व्होल्टपर्यंत खाली येऊ शकतं, १०,००० वर साधारण २ व्होल्ट. आवाज मोठा असताना बेसची लाट या खड्ड्यात आपटते आणि फाटते. म्हणून १००० चा काढून ४७०० लावला की बेस ‘आला’ असं वाटतं. १०,००० चे २२,००० केले तर घरच्या आवाजात फरक शोधूनही सापडत नाही. वर सुरू करतानाचा झटका वाढतो, आणि पूर्वी टिकलेले १ अँपिअरचे डायोड उडतात. तिथे निदान १० अँपिअरचा ब्रिज लावा.

ट्रान्सफॉर्मर अपुरा असेल तर कंडेन्सर कितीही वाढवा, वॉट येत नाहीत.

६. प्रीॲम्पमधला ४५५८ आयसी काढून ५५३२ बसवला तर आवाज सुधारतो म्हणतात. करू का?

कुठे बसवताय त्यावर आहे. टेपच्या हेडचा, माइकचा किंवा रेकॉर्ड प्लेअरचा प्रीॲम्प असेल तर जरूर करा. रेकॉर्डच्या मूव्हिंग मॅग्नेट पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात आणि ते शेकडो पट वाढवावे लागतात, त्यामुळे आयसीची स्वतःची सळसळही तितकीच वाढते. ५५३२ ची सळसळ टीएल ०७२ (त्याच कामाचा आणखी एक आयसी) च्या साधारण पाव आहे, आणि शांत आलापात हा फरक स्पष्ट कळतो.

पण मोबाइल किंवा टीव्ही जोडलेल्या साध्या टोन कंट्रोलमध्ये सिग्नल आधीच मोठा असतो. तिथे फरक ऐकू येण्याची शक्यता फार कमी. उलट नवा त्रास होऊ शकतो. ५५३२ च्या इनपुटमधून थोडा डीसी करंट वाहतो. मागे १०० किलोओहमचा पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रेझिस्टर) थेट असेल, तर त्यावर मिलिव्होल्टमध्ये डीसी साचतो आणि पॉट फिरवला की खरखर येते. अशा जागी टीएल ०७२ बरा, कारण त्याच्या इनपुटला करंट जवळजवळ लागत नाही. कुठलाही बसवा, सप्लायच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरड हवाच (का, ते प्रश्न १३ मध्ये).

७. सिरॅमिक, पॉलिएस्टर, इलेक्ट्रोलिटिक… सिग्नलच्या वाटेत कुठला वापरू?

१ मायक्रोफॅरडपर्यंत पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही चांगले, आणि कपलिंगच्या (सिग्नल पुढे सोडण्याच्या) जागी त्यांच्यातला फरक मी स्वतः कधी ऐकू शकलेलो नाही. त्यापुढे इलेक्ट्रोलिटिक चालतो, फक्त व्हॅल्यू भरपूर मोठी ठेवा. इलेक्ट्रोलिटिकवर सिग्नलचं व्होल्टेज पडलं की तो खालच्या स्वरात डिस्टॉर्शन करतो. व्हॅल्यू गरजेच्या पाच-दहापट असेल तर पडतच नाही.

सांभाळायचं ते सिरॅमिकला. सगळे सिरॅमिक वाईट नसतात. एनपी-झिरो जातीचे अगदी उत्तम, पण ते लहान व्हॅल्यूत मिळतात. ०.१ चे स्वस्त सिरॅमिक दुसऱ्या जातीचे, आणि त्यांची व्हॅल्यू व्होल्टेजबरोबर बदलते. म्हणजे लाट मोठी झाली की कंडेन्सर लहान होतो. सप्लायच्या पायांशी हे चालतं, सिग्नलच्या वाटेत चालत नाही. तुमच्या बोर्डवर तसा असेल तर व्हॉल्यूम वाढवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळूच टिचकी मारा. काही सिरॅमिक माइकसारखे वागतात, टिचकी स्पीकरमधून ऐकू येते.

८. कार्बन काढून सगळे मेटल फिल्म रेझिस्टर लावले तर?

नवीन बांधताना मेटल फिल्मच घ्या, किमतीत फारसा फरक नाही. चालत्या सेटमधले उपटू नका. १० किलोओहमचा कुठलाही रेझिस्टर नुसत्या उष्णतेने २ मायक्रोव्होल्टच्या आत सळसळ करतो. पॉवर ॲम्पने ती तीसपट केली तरी स्पीकरपाशी ऐकू येत नाही. कार्बनची जास्तीची सळसळ महत्त्वाची ठरते ती प्रश्न ६ मधल्या लहान सिग्नलच्या जागांवर.

९. मोठ्याने छान वाजतो, हळू आवाजात मात्र खरबरीत. कान खराब झाले की ॲम्प?

ॲम्पच, आणि तुमचे कान चांगले आहेत. याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. आउटपुटला ट्रान्झिस्टरची जोडी असते. एक लाटेची वरची बाजू ओढतो, दुसरा खालची. दोघांनाही थोडा करंट कायम चालू ठेवावा लागतो, तो बायस. बायस कमी पडला की शून्याच्या रेषेवर एकाने सोडलं आणि दुसऱ्याने अजून धरलं नाही असा क्षण येतो, आणि लाटेला तिथे खाच पडते. मोठ्या लाटेत ती खाच झाकली जाते, लहान लाटेत तीच मोठी होते. बहुतेक दोष आवाज वाढवल्यावर वाढतात, हा उलटा.

तपासायला मी तानपुरा लावतो. छेड झाल्यावर आस विरत जाते तिथे कान द्या. नीट ॲम्पमध्ये ती गुळगुळीत विरते. बायस चुकलेल्यात शेवटी वाळूचा कण घासल्यासारखी किरकिर येते. तानपुऱ्याच्या तारेतच उपस्वर असतात. दुसरा म्हणजे तार सा, तिसरा वरचा पंचम, पाचवा तो स्वयंभू गंधार. सातवा कोमल निषादाच्याही किंचित खाली पडतो. क्रॉसओव्हरची खाच असे वरचे विषम उपस्वर आपल्या पदरचे घालते, आणि तेही जिथे मूळ स्वर क्षीण झालाय तिथे. म्हणून मोजमापात ‘अर्धा टक्का’ दिसणारं हे डिस्टॉर्शन इतकं खुपतं.

सुट्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये बायसचा प्रीसेट असतो. सेट अर्धा तास वाजवून तापू द्या. मग सिग्नल काढून एमिटरच्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावा. सर्किटबरोबर आकडा दिला असेल तर तोच ठेवा. नसेल तर ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर १० ते २५ मिलिव्होल्ट. प्रीसेट अगदी सावकाश फिरवा आणि प्रोब घसरू देऊ नका, एक घसरला की जोडी जाते. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटलेला आहे ना, हेही बघा. तो मोकळा लटकत असेल तर जोडी तापत जाते, करंट वाढत जातो आणि शेवटी जळते.

टीडीए २०३० किंवा एलएम ३८८६ सारख्या आयसीत बायस आतच ठरलेला असतो. तिथे फिरवायला काही नाही.

१०. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा आवाज गोड का लागतो?

दोन कारणं. एक, साधे व्हॉल्व्ह ॲम्प मुख्यतः दुसरा उपस्वर वाढवतात, म्हणजे सा ला वरचा सा. तो खुपत नाही, आवाज भरदार करतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: व्हॉल्व्हच्या आउटपुटचा स्वतःचा रेझिस्टन्स जास्त असतो. ‘८ ओहम’ स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतो, कुठे ६ तर बेसच्या रेझोनन्सवर ३० सुद्धा. ॲम्पचे स्वतःचे ३ ओहम धरले तर या दोन जागांमध्ये पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे तुमच्या स्पीकरच्या वळणाप्रमाणे जणू टोन कंट्रोल फिरवलेला असतो.

पडताळायचं असेल तर चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पच्या स्पीकरच्या तारेत ३ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर जोडा आणि ऐका. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी याच्या कितीतरी पुढे जाऊन दाखवलं. दोन ॲम्पच्या आउटपुटची वजाबाकी करत, फरक जवळपास नाहीसा होईपर्यंत त्यांनी आपला ट्रान्झिस्टर ॲम्प एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पशी जुळवला. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना मग ते दोन ओळखता आले नाहीत.

११. क्लास डी चे (आउटपुट झपाट्याने चालू-बंद करणारे) छोटे बोर्ड ‘कोरडे’ वाजतात का?

चांगले बांधलेले नाही. त्यांच्या आउटपुटला कॉइल आणि कंडेन्सरचा फिल्टर असतो आणि तो ठरावीक ओहमसाठी जुळवलेला असतो. फीडबॅक (आउटपुटमधून चूक सुधारायला परत आणलेला सिग्नल) फिल्टरच्या आधीच घेतलेला असेल, तर ४ ओहमसाठी बनवलेल्या बोर्डला ८ ओहम लावल्यावर ट्रेबल वर उचललं जातं, आणि त्यालाच लोक कोरडं म्हणतात. टीपीए ३११६ च्या स्वस्त बोर्डांत दुसरी काटकसर कॉइलमध्ये असते. बारीक कॉइल मोठ्या बेसला दमतात आणि गरम होतात. वाजताना हात लावून बघा.

१२. आउटपुट ट्रान्झिस्टरची ५२००-१९४३ ही जोडी तीनदा बदलली, तीनदा जळली. बायस तर बरोबर आहे.

जोडी नकली असण्याची दाट शक्यता. हे नंबर इतके खपतात की लहान चिप भरून वर मोठा नंबर छापलेला माल सर्रास मिळतो. अंगावरची अक्षरं नेलपेंट रिमूव्हरने पुसून निघाली तर संशय घ्या. जळालेला फोडून आतली चिप खात्रीच्या मालाशी ताडून पाहा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तापकीर गल्ली, बाजारभावाच्या निम्म्यात मिळणारी जोडी मी घेत नाही. नकली ट्रान्झिस्टर हळू आवाजात अगदी खऱ्यासारखा वाजतो, त्यामुळे ऐकून कळत नाही.

नवी जोडी टाकल्यावर स्पीकर लगेच जोडू नका. आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर.

१३. सिग्नल नाही, आवाज नाही, तरी हीटसिंक तापते, आणि गाणं लावलं की ट्रेबल किरटं लागतं. काय असेल?

ॲम्प ऑसिलेट होतोय, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच ओरडतोय. आउटपुटला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी असते, ती तपासा. रेझिस्टर काळा पडलेला दिसला तर निदान झालंच. मग आयसीच्या सप्लायच्या पायांजवळचे ०.१ बघा. लांब तारांमुळे सप्लाय डुलतो आणि वेगवान आयसी त्यावर नाचायला लागतो. ४५५८ च्या जागी वेगवान आयसी टाकल्यावर ‘आवाज उघडला’ म्हणणाऱ्या दोघांच्या बोर्डवर मला स्कोपमध्ये (लाट दाखवणाऱ्या उपकरणात) हेच दिसलं होतं.

ऑसिलेशनचं आणखी एक कारण लक्षात ठेवा. सळसळ कमी करायला काही जण फीडबॅकचा रेझिस्टर बदलून गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) घटवतात. एलएम ३८८६ दहापटीच्या खाली स्थिर राहत नाही. आवाज कमी हवा असेल तर इनपुटला दोन रेझिस्टर लावून सिग्नल विभागा.

१४. अगदी कमी आवाजावर एकच बाजू वाजते.

व्हॉल्यूमचा पॉट. स्वस्त जोड-पॉटचे दोन ट्रॅक सुरुवातीला जुळत नाहीत. चांगला लॉग पॉट घ्या, किंवा प्रश्न १३ मधल्यासारखा सिग्नल आधीच कमी करा, म्हणजे पॉट मधल्या भागात वापरता येईल. सगळा आवाज पहिल्या पाव फेरीतच येत असेल तर लॉगच्या जागी लिनिअर बसलाय.

१५. वडिलांचा तीस वर्षांचा सेट आहे. सगळे कंडेन्सर बदलू?

फक्त इलेक्ट्रोलिटिक, आणि तेही आधी फुगलेले, गळालेले, हीटसिंकजवळचे. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून नवे १०५ अंशांचे घ्या. व्हॅल्यू तीच ठेवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. पॉलिएस्टर आणि रेझिस्टरना हात लावू नका. एका वेळी एकच बदला आणि लावून ऐका, नाहीतर एखादा उलटा बसला तर शोधणं जड जातं.

१६. दोन ॲम्पमधला फरक मला ऐकू येतो. तो खरा आहे हे कसं ठरवू?

आधी आवाज समान करा. थोडा मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि बहुतेक तुलना इथेच फसतात. ४०० हर्ट्झचा स्थिर सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. एका ॲम्पवर १ व्होल्ट असेल तर दुसऱ्यावर ०.९९ ते १.०१ मध्ये आणा. मग दुसऱ्या कुणाला तरी, तुम्हाला न दिसता, तारा बदलायला सांगा आणि सोळा वेळा ओळखा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर तुम्ही म्हणता ते मी मान्य करतो, आणि तो फरक प्रश्न १ मधल्या चारपैकी कुठला ते शोधायला बसू.

१७. आमचं घर कोकणात आहे. पावसाळ्यात तोच सेट वेगळा वाजतो, उन्हाळ्यात बरा होतो.

दमट हवेत स्पीकरचा कागदी कोन ओल धरतो, थोडा जड होतो. त्याला इलाज नाही. पण बोर्डवर सोल्डरिंगचा फ्लक्स तसाच राहिला असेल तर तो धूळ आणि खारी ओल शोषतो आणि दोन ट्रॅकमध्ये बारीक गळती सुरू होते. व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये किंवा मोठ्या ओहमच्या जागी त्याने फुरफुर येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्डची मागची बाजू घासा, एक दिवस उन्हात वाळवा, मग इन्सुलेटिंग वार्निशचा हलका हात द्या. पॉट आणि सॉकेटवर वार्निश जाऊ देऊ नका. जून लागायच्या आत हे करून घ्या.